पाठमोऱ्या वाटेची पेटी

४ सप्टेंबर, सोमवार

पोचले एकदाची! शेवटच्या चाळीस वळणांनी पोटातलं सगळं ओठांवर आणलं होतं, पण बसमधून उतरले, समोर डोंगर बघितले आणि एकटीच हसत सुटले. कंडक्टरला वाटलं असणार, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. झाला असेलही.

गाव म्हणजे एकच चढाचा रस्ता. खाली बसथांबा, वर कचेरी आणि मधे दोर, काठ्या, पाठपिशव्या लटकवलेली दुकानं. माणसांपेक्षा काठ्या जास्त. माझी खोली बूट दुरुस्त करणाऱ्या एका बाईंच्या दुकानावर आहे. सगळं गाव त्यांना मोचीकाकू म्हणतं, मीही तासाभरात म्हणायला लागले. खोलीत लोखंडी खाट, एका पायाखाली पुठ्ठा घातलेली खुर्ची आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. वर यायला वीस लाकडी पायऱ्या. तिसरी आणि अकरावी कुरकुरते. काकूंनी गरम पाण्याची बादली दिली आणि एकच नियम सांगितला: ओल्या पायांनी जिना चढायचा नाही, लाकूड कुजतं. मी म्हटलं, काकू, मी शहाणी मुलगी आहे. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात आणि चिखल आणतात.

उद्या कामावर हजर. कुठल्या वाटेवर गर्दी आहे आणि कुठली शांत, ते दर आठवड्याला मोजायचं आणि डोंगर चढायला येणाऱ्यांसाठी नकाशा रंगवायला मदत करायची. आधी मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे. चुका शोधायची सवय इथे कामी येईल म्हणून मला घेतलं म्हणे. बरोबर माणूस घेतलात हो.

दिवसभर खोटं बोलावं लागणार, निदान या वहीत तरी नको. मी नोकरीसाठी आलेले नाही. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण, आमची बारकी, याच कचेरीच्या खिडकीवरून नकाशा घेऊन डोंगरात गेली आणि परत आली नाही. तिचा शेवटचा निरोप मला पाठ आहे: ‘ताई, इथे खूप गर्दी आहे. खिडकीवर सांगितलं, शांत वाट द्या. त्यांनी हिरवी वाट दिली. उद्या जाते. जळा!’ सोबत फोटो, पाठपिशवीच्या पट्ट्यावर पत्र्याचा बिल्ला, नंबर ४१७. पोलीस कचेरीत गेले तर कचेरीने सांगितलं, सगळे बिल्ले परत आलेत, डोंगरात कुणी राहिलेलं नाही. प्रकरण मिटलं. आईनं अंथरूण धरलं आणि तीही मिटली.

मला तो खिडकीवरचा माणूस हवा आहे. लग्नानंतरचं आडनाव वेगळं, चेहराही बारकीसारखा नाही, त्यामुळे मी कुणाची कोण हे इथे कुणाला कळायचं नाही. आज दोन वर्षांनी मला भूक लागली. दोनदा जेवले.

६ सप्टेंबर, बुधवार

माणूस पहिल्याच दिवशी सापडला. शोधावाच लागला नाही, तोच माझा साहेब.

गावात त्याला रंगारी म्हणतात. अकरा वर्षं नकाशा तोच रंगवतो. साठीचा, नीटनेटका, शर्टाच्या खिशाला तीन ब्रश. बोलायला इतका गोड की मुंग्या लागाव्यात. मला पहिल्या दिवशी स्वतः उठून खुर्ची दिली. मला वाटलं होतं राक्षस असेल, शिंगं असतील. राक्षस असता तर सोपं गेलं असतं.

कामाची पद्धत अशी. कचेरीच्या भिंतीवर पाचशे खुंट्यांचा फळा आहे, प्रत्येक खुंटीवर नंबराचा बिल्ला. वर जाणारा खिडकीवरून नकाशा आणि एक बिल्ला घेतो. वाटा पाच. प्रत्येक वाटेच्या पायथ्याशी एक लोखंडी पेटी आहे. उतरून आलं की बिल्ला त्या पेटीत टाकायचा. दर सोमवारी पेट्या उघडतात, बिल्ले मोजतात आणि खुंट्यांवर परत लावतात. शंभराच्या वर बिल्ले निघाले तर वाट लाल, म्हणजे गर्दी. दहाच्या आत असले तर हिरवी, म्हणजे शांत. मधल्या पिवळ्या.

मी विचारलं, जाताना का नाही मोजत? रंगारी हसला. म्हणाला, जाताना माणूस एक सांगतो आणि फाट्यावर दुसरीकडेच वळतो, खरं काय ते उतरताना कळतं. पटलं मला. हुशार आहे.

तळ्याची वाट, मेंढ्यांची वाट, पुलाची वाट, कड्याची वाट, या चारही लाल नाहीतर पिवळ्या. हिरवी एकच. डोंगराच्या मागून जाते, ऊन लागत नाही, तिचं नाव पाठमोरी वाट. अकरा वर्षं ती हिरवीच आहे.

९ सप्टेंबर, शनिवार

अक्षर वाकडं येतंय.

आज अर्धा दिवस सुट्टी. काकूंना दुकान आवरायला मदत केली. डोंगरावर जाणारे लोक काकूंकडून चढणीचे बूट भाड्याने घेतात आणि आपल्या नेहमीच्या चपला त्यांच्याकडे ठेवून जातात. अदलाबदल नको म्हणून काकू प्रत्येक जोडाला बिल्ल्याच्या नंबराची चिठ्ठी बांधतात. खालच्या फळ्या सतत भरतात, रिकाम्या होतात. मी सगळ्यात वरच्या फळीवरची धूळ पुसायला स्टुलावर चढले.

तिथे सव्वीस जोड होते. आणि सोळावा बारकीचा.

तपकिरी सँडल. डाव्या पट्ट्याला निळ्या दोऱ्याचे टाके. ते टाके मी घातले होते, घाईत, काळा दोरा सापडेना म्हणून. ती म्हणाली होती, ताई, तू शिवलंस की वस्तू जिवंत दिसते, जखम झाल्यासारखी. चिठ्ठीवर ४१७.

काकूंना विचारलं, हे कुणाचे? त्या खिळे वेचत होत्या, वर न बघता म्हणाल्या, न्यायला न आलेल्यांचे. दरवर्षी रंगारीसाहेबांना सांगते, ते म्हणतात, लोक नवे घेतात आणि जुने विसरतात. मग म्हणाल्या, पण माझे बूट घालून कोण आपल्या गावी जाईल गं? एवढे बोचतात ते. मी आपली मोची, मला कोण विचारतंय. टाकून द्यायचा मात्र धीर होत नाही.

मी सँडल पुन्हा होत्या तशा ठेवल्या. खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. मग तोंड धुतलं.

११ सप्टेंबर, सोमवार

आज पेट्या उघडल्या. तळ्याची वाट १८२, पुलाची १२०, बाकीच्या दोघींचे सत्तर-ऐंशी. पाठमोरी ३. रंगाऱ्याने हिरवा ब्रश उचलला.

बिल्ले खुंटीवर लावताना लक्ष गेलं. सगळे बिल्ले मळके, कडा वाकलेल्या, पण मधूनच एखादा चकचकीत. ४१७ चकचकीत. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला ओळीत एक अक्षर वेगळ्या ठशाचं असलं की झोप येत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळे नवे नंबर लिहून काढले. सव्वीस. घरी येऊन काकूंच्या वरच्या फळीवरच्या चिठ्ठ्या बघितल्या. तेच सव्वीस.

म्हणजे बिल्ला परत नाही आला की हा पत्रेवाल्याकडून त्याच नंबराचा नवा करून घेतो आणि खुंटी भरतो. म्हणून सगळे बिल्ले परत आले. म्हणून बारकी डोंगरात राहिलीच नाही!

आणि त्याहून मोठं ते आत्ता, बूट काढताना, सुचलं. आम्ही फक्त उतरणाऱ्यांना मोजतो. जो उतरत नाही तो मोजलाच जात नाही. ज्या वाटेवरून माणसं परत येत नाहीत, ती आमच्या नकाशात सगळ्यात शांत. आणि शांत वाट मागायला कोण येतं? एकटी, लांबून आलेली, ज्यांची वाट इथे कुणी बघत नाही अशी माणसं. त्यांना तो तिथेच पाठवतो. अकरा वर्षं.

१२ सप्टेंबर, मंगळवार

आज सहज विचारल्यासारखं विचारलं, साहेब, पाठमोरी वाट वर कशी आहे? म्हणाला, फाट्यानंतर कड्याला चिकटून एक अरुंद पट्टी आहे, मोठं सुंदर दृश्य. मी विचारलं, तुम्ही कधी गेला होता? त्याने ब्रश धुतला, पुसला, खिशाला लावला. मग हळूहळू त्याच्याच बोलण्यातून कळलं, तो कधी गेलेलाच नाही. जुन्या नकाशावरून उतरवून घेतलंय. खुणा रंगवायला मजूर पाठवले तेही फाट्यापर्यंत गेले आणि तिथे पुढे जाणारा बाण रंगवून परत आले.

चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या मेंढपाळाने सांगितलं, ती पट्टी तेरा वर्षांपूर्वीच कोसळली. ऊन असेल तर दिसतं आणि माणूस मागे फिरतो. धुक्यात बाण सरळ पुढे दाखवतो.

कचेरीत परतल्यावर खुंट्यांचा विषय मीच काढला. नवे बिल्ले छान आहेत, म्हटलं. तो जराही दचकला नाही. म्हणाला, रिकामी खुंटी दिसली की लोक घाबरतात, गाव यांच्यावरच चालतं. आणि म्हणाला, त्यांना गर्दी नको होती, आपण गर्दी नसलेली जागा दिली.

तेव्हाच ठरवलं. पोलीस नकोत, वर्तमानपत्र नको. करावे तसे भरावे. धुक्याच्या दिवशी, त्याच बाणाच्या मागे, त्याला त्याच्या पायांनी पाठवायचं. तोवर तोंडाला कुलूप. वाट हिरवीच राहू दे. माझ्या हाताने ती लाल झाली तर तो सावध होईल.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

यंदाचा नकाशा छापून आला. मुद्रितं मीच तपासली. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘तपासणी’ असं लिहून माझी सही आहे. रंगाऱ्याने आग्रह केला, कष्टाचं श्रेय घ्यावं म्हणाला.

आजपासून खिडकीवर मी बसते. दुपारी एक परिचारिका आली, रजेवर होती. उंच, डोळ्यांखाली काळं, पायांत पांढरे बूट. म्हणाली, सहा महिने वॉर्डात माणसांचं कण्हणं ऐकतेय, दोन दिवस कुणाचाही आवाज नको. मला ती आवडली. हसताना तोंडावर हात धरला तिने, बारकी धरायची तसा.

रंगारी माझ्या मागेच उभा होता, पेन्सिलींना टोक करत.

मी नकाशा काचेखालून सरकवला आणि हिरव्या वाटेवर बोट ठेवलं. बिल्ला २३०. मनात म्हटलं, आता घरी जाईन तेव्हा काकूंच्या दुकानात ती बूट बदलताना भेटेल, तिथे कानात सांगेन. पण रंगारी माझ्याबरोबरच निघाला. काकूंच्या दारापर्यंत गप्पा मारत आला. आत ती लेस बांधत होती. माझ्याकडे बघून हात हलवला तिने. मी पण हलवला.

उद्या हवा स्वच्छ असेल. नक्की असेल.

१६ सप्टेंबर, शनिवार

सकाळपासून धुकं.

१८ सप्टेंबर, सोमवार

पांढरे बूट अजून खालच्याच फळीवर आहेत. काकू म्हणाल्या, अजून दोन दिवस बघते, मग वर ठेवते.

काल सुट्टी असूनही रंगाऱ्याने खिडकी उघडायला लावली आणि तो तिथेच बसून राहिला. एक बाप आणि त्याची मोठी लेक आले होते. बापाला गर्दीत धाप लागते म्हणे. ६४ आणि ६५. मी बोट ठेवलं. एकदा ठेवलं की दुसऱ्यांदा जड जात नाही, हे लिहायला हवं, या वहीत खोटं नाही.

आज पेट्या उघडल्या. पाठमोरीच्या पेटीत एकच बिल्ला. मला वाटलं २३०, जीव भांड्यात पडला. पण तो ५२ होता. गंजलेला, कडा झिजलेल्या आणि ओला. पेटी कोरडी होती. ५२ नंबरचा चकचकीत बिल्ला तर खुंटीवर लटकत होता.

रंगाऱ्याने तो दोन बोटांत धरला आणि कितीतरी वेळ पुसत बसला.

२० सप्टेंबर, बुधवार

काकू चिडल्या आहेत. वरच्या फळीवरचा एक जोड गेला. ५२ चा. दुपारी त्या आतल्या खोलीत जेवत होत्या, दार उघडं होतं, दहा मिनिटांचा खेळ. चोर म्हणावा तर नवे बूट सोडून फाटके कशाला नेईल? फरशीवर पाण्याचे पाय उमटलेले. चढणीचे बूट तिथेच काढून ठेवलेले, नीट शेजारी शेजारी. काकूंचेच बूट, नऊ वर्षांपूर्वी नेलेले. चामडं भिजून लगदा झालंय.

काकू म्हणाल्या, चला, एकाने तरी परत केले. त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

आता सोमवारची वाट कोण बघतंय? पेटीची किल्ली माझ्याकडेच असते. संध्याकाळी जाऊन उघडली. आणखी चार.

मला भीती वाटायला हवी. मला वाटतोय आनंद. उतरताहेत! एकेक करून उतरताहेत. बारकी पण येईल. आणि तो? त्याचं काय होईल?

२५ सप्टेंबर, सोमवार

पाठमोरी २०. सगळे जुने, गंजलेले, ओले. ४१७ नाही.

खुंट्या भरलेल्या. परत आलेल्यांना लटकायला जागा नाही. मी ते टेबलावर ओळीने मांडले आणि म्हटलं, साहेब, दहाच्या वर गेले, तुमच्या नियमाप्रमाणे वाट पिवळी. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. चोराच्या मनात चांदणं. म्हणाला, कुणीतरी चेष्टा करतंय, कड्याखालून वेचून आणतंय. म्हणजे कड्याखाली काय आहे हे त्याला माहीत आहे. तोंडातून निसटलं त्याच्या.

मग टपरीवर, तो चहा पीत असताना, चार वाटाड्यांच्या देखत मी काडी टाकली. लोक म्हणतात, रंगारीसाहेब पाठमोरीवर कधी गेलेच नाहीत, खरं का हो? सगळे हसले. अकरा वर्षांचा मान एका चहात बुडाला. लालबुंद होऊन म्हणाला, या आठवड्यात जातो आणि चेष्टा करणाऱ्याला मानेला धरून खाली आणतो.

काकूंच्या वरच्या फळीवर आता पाच जोड. सँडल आहेत.

२७ सप्टेंबर, बुधवार

काल काकूंचा गुडघा दुखत होता. तो दुखला की दुसऱ्या दिवशी धुकं, पंचांगापेक्षा पक्कं. मी रंगाऱ्याला सांगितलं, उद्या लख्ख ऊन आहे.

सकाळी ऊन होतंच. साडेनऊला तो निघाला. मी खिडकीतून नकाशा सरकवला, यंदाचा, आणि खुंटीवरून बिल्ला काढून त्याच्या पट्ट्याला स्वतः लावला. चकचकीत ४१७. त्याने नंबर बघितलासुद्धा नाही. काकूंकडे जोडे ठेवले, काळे, पॉलिश केलेले.

अकराला धुकं उतरलं. मी खिडकीत बसून सफरचंद खाल्लं, सालासकट. बारकी, बघतेयस ना?

२८ सप्टेंबर, गुरुवार

आला नाही.

वाटाडे शोधायला फाट्यापर्यंत जाऊन आले. पुढे पट्टी नाही, म्हणाले, अरे इथे तर पट्टीच नाही! आज कळलं त्यांना. मी रडल्याचं सोंग केलं, चांगलं वठलं. मग आतल्या खोलीत जाऊन हसले. एवढी हसले की पोटात दुखलं. झालं, बारकी. फिटलं.

उरलेले नकाशे आज फाडून टाकले. सगळे. आता नाही कुणी जाणार.

वरच्या फळीवर जुन्यांतल्या आता सँडलच उरल्यात, परिचारिकेचे बूट काकूंनी त्यांच्याशेजारी ठेवले. त्या बापलेकीचेही.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पेटीत चकचकीत ४१७. ओला.

काळे जोडे गेले. दुपारी. काकू समोर बसल्या होत्या, म्हणतात, डोळ्याला डोळा लागला एवढंच.

कचेरीच्या खिडकीबाहेर पाण्याचे पाय. एकामागे एक, जोडी जोडीने. रांग लावल्यासारखे. खिडकीपासून रस्त्यापर्यंत, मी मोजले. सव्वीस जोड्या. रंगाऱ्याची खुर्ची — बसायची जागा भिजलेली. पाय फक्त त्या खुर्चीकडे जाताना दिसतात. येताना नाहीत.

संपलं असेल आता. त्यांना जो हवा होता तो मिळाला. मग ऊन पडलं, फरशी वाळली. रांग मोडली.

पण सव्वीसात बारकी होती का? तिचा बिल्ला अजून — सँडल अजून फळीवरच आहेत. मग सव्वीसावं कोण?

रंगारी. रांगेत शेवटी तोच उभा होता.

३० सप्टेंबर, शनिवार

पेटीत ६४ आणि ६५.

फरशीवर दोन जोड्या पाय, एक मोठे, एक लहान, खिडकीशी. मी आत होते. समोर कुणी नाही. स्वच्छ ऊन. आणि काचेवर आतून नाही, बाहेरून, धाप लागलेल्या माणसाच्या श्वासाची वाफ —

मी खिडकी लावून घेतली. म्हटलं, साहेब नाहीत. मोठ्याने म्हटलं. साहेब नाहीत, जे काय विचारायचं ते त्यांना विचारा.

वाफ गेली नाही.

चार वाजता बस आहे. सामान भरलंय. पण ४१७ — जुना — बारकी अजून उतरली नाही. तिला एकटीला ठेवून कशी जाऊ? उद्याची बस. उद्या नक्की.

१ ऑक्टोबर, रविवार

काकू रागावल्या. जिन्यावर ओले पाय कशाला घेऊन गेलीस म्हणाल्या. मी सकाळपासून खाली उतरलेच नव्हते.

ते पाय तिसऱ्या पायरीपर्यंत आले होते. तिथून पुढे नाही. मी पुसून काढले. पुन्हा —

काल रात्री पेटी पुन्हा उघडली होती. २३०, परिचारिकेचा.

मी काय करणार होते? तो मागे उभा होता. पेन्सिलींना टोक करत होता. तुम्ही बघितलंत ना, तो मागेच उभा होता. घरी जाताना सांगणार होते. मी हात हलवला होता. तुम्ही पण हलवलात.

दिवसाची बस चुकली. चुकली नाही. पायऱ्या ओल्या होत्या, उतरता आलं नाही.

२ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी सात. काकू ओरडल्या खालून. सँडल गेल्या. निळ्या टाक्यांच्या.

बारकी आली!

८.१०. तिसरी पायरी कुरकुरली. मग अकरावी. हलकी पावलं आहेत, तिचीच, ती दोन-दोन पायऱ्या चढायची. मागे आणखी आहेत. जड.

दाराखालून पाणी येतंय.

आता बोलली. दारापलीकडून. आवाज तिचाच, सर्दी झाल्यासारखा. मी म्हटलं, बारके, मी त्याला पाठवला गं, तुझ्यासाठी पाठवला, तुझाच नंबर लावून. ती म्हणाली, हो ताई, भेटला.

मग म्हणाली, माझं काही राहिलेलं नाही. मला काही विचारायचं नाही.

म्हणाली, मी फक्त या बाईंना घर दाखवायला आले.

दाराखालून नकाशा सरकला. यंदाचा. मी सगळे फाडले होते. कोपऱ्यात माझी सही आहे आणि हिरव्या वाटेवर ओलं बोट ठेवल्याचा डाग, मी ठेवलं होतं तिथेच. कुणीतरी हळूच, अगदी नम्रपणे विचारतंय, ही वाट शांत आहे ना हो? तुम्ही स्वतः कधी

कडी सरकली. कडी मी लावली होती. कडी आतून मी स्वतः —